ऋण, कर आणि वारसा

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मंडळाच्या चिटणीसांनी मला बोलावयास पाचारण केले तेव्हा विषय कोणता घ्यावा याची मोकळीक त्यांनी मजवर सोपविली. आपल्या संमेलनात विद्यार्थ्यांचे सत्कार होतात, वधूवरांच्या याद्या निघतात, गतवर्षी दिवंगत झालेल्या बांधवांना श्रद्धांजली वाहिली जाते. ही श्रद्धांजली वाहिली जात असताना माझ्या मनात दरवर्षी एक व्यावसायिक प्रश्न उभा राहतो, आणि तो या प्रसंगी शोभणारा नसल्यामुळे मी तो दाबून टाकीत आलो. तो प्रश्न असा, की या गृहस्थांनी मागे काय ठेविले, देणे किती ठेविले, सरकारचा कर किती थकविला, आणि या तिन्हींचा तपशील त्यांच्या पत्नीस ठाऊक आहे काय? वकिलीच्या दीर्घ काळात शेकडो घरांची कागदपत्रे माझ्या टेबलावर आली. पत्नीस तो तपशील ठाऊक नसतो, असेच बहुधा आढळले. मुलांना अर्धवट ठाऊक असतो. दारात येऊन बसणाऱ्या धनकोस मात्र पुरता ठाऊक असतो.

म्हणून आज मी हाच विषय घेतला आहे. काही थोरांना तो अमंगळ वाटेल. जिवंतपणी मरणाच्या गोष्टी कशाला, असे आपल्या घरांतून नेहमी म्हटले जाते. परंतु विम्याचा एजंट दारी येतो तेव्हा आपण त्याच गोष्टी त्याच्याशी चहा घेत घेत बोलतोच.

प्रथम आपल्या मनाच्या मुळाशी असलेल्या एका समजुतीकडे पाहू. बापाचे कर्ज मुलाने फेडलेच पाहिजे, न फेडले तर पित्यास गती नाही, ही भावना आपल्या रक्तात आहे. धर्मशास्त्रकारांनी पितृऋणाचा विचार फार बारकाईने केला. मद्य, द्यूत इत्यादी व्यसनांपायी बापाने काढलेले कर्ज मुलावर बंधनकारक नाही, असेही त्यांनीच सांगून ठेविले. पण हा अपवाद आपण सोयीस्करपणे विसरलो आणि नियम तेवढा लक्षात ठेविला. इंग्रजी अमदानीत आपल्या मुंबई इलाख्यातील न्यायालयांनी हा नियम इतक्या कडकपणे लावला की बापाकडून एक पैसाही न मिळालेला मुलगा बापाच्या कर्जासाठी स्वतःच्या कमाईतून जबाबदार धरला जाई. ही स्थिती इतकी जाचक झाली की सरकारला १८६६ साली हिंदू वारसांच्या सुटकेसाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. त्या वर्षीच्या मुंबईच्या सातव्या कायद्याने ठरले, की वारसाची जबाबदारी त्याच्या हाती मृताचा जेवढा ऐवज आला असेल तेवढीच. म्हणजे आपल्या या प्रांतात हा प्रश्न दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी निकालात निघाला आहे. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत कलम ५० मध्ये हेच तत्त्व आहे. पुढे २००५ साली हिंदू उत्तराधिकार कायद्यात सुधारणा झाली; तेव्हा केवळ पितृऋण फेडण्याच्या धार्मिक कर्तव्याच्या आधारे मुलगा, नातू वा पणतू यांच्याविरुद्ध दावा चालविता येणार नाही, असे संसदेने स्पष्ट लिहून ठेविले. त्या सुधारणेपूर्वी काढलेल्या कर्जांना एवढा अपवाद ठेविला आहे.

इतके असूनही आज २१ व्या शतकात, तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी, मुले कागदावर सह्या करतात. कोणत्या कागदावर? 'वडिलांनी घेतलेले अमुक रुपये मी अमुक मुदतीत व्याजासह परत करीन.' ही सही झाली की वडिलांचे कर्ज मुलाचे स्वतःचे होऊन बसते. कायद्याने जी जबाबदारी ऐवजाच्या मर्यादेत ठेविली होती, ती मुलाने आपल्या हाताने अमर्याद केली. मुदतबाह्य झालेले कर्जसुद्धा लेखी वचनाने पुन्हा जिवंत होते. कराराच्या कायद्याच्या २५ व्या कलमात तशी तरतूद आहे. हातउसन्या रकमेची मुदत साधारणतः तीन वर्षांची. सावकार मंडळींना हे पुरते ठाऊक असते, आणि म्हणून शोकाकुल घरात ते सांत्वनास येतात तेव्हा खिशात एक चिठ्ठी असते.

मी धनकोंच्या विरुद्ध बोलत आहे, असे कोणी समजू नये. आपल्या ज्ञातीत पैसे देणारा आणि घेणारा दोघेही याच सभागृहात बसलेले असतात. एखाद्या विधवा भगिनीने मुलीच्या लग्नासाठी साठविलेले चाळीस हजार शेजारच्या दुकानदारास विश्वासाने दिलेले असतात. दुकानदार वारला आणि ऐवज पुरेनासा झाला तर कायदा दुकानदाराच्या मुलांना वाचवितो, त्या भगिनीला नव्हे. हे दुःख खरे आहे. मुलाला वाटले की आपल्या बापाच्या शब्दाखातर तिचे पैसे आपण द्यावेत, तर तो त्याचा मोठेपणा. परंतु तो त्याने समजून-उमजून, स्वतःच्या मिळकतीतून, जमेल तसा दाखवावा; नव्या कागदावर सही करून, व्याजाचा आकडा मान्य करून, साऱ्याच धनकोंच्या हाती आपली मान देऊन दाखवू नये. आणि द्यावयाचेच तर आधी त्या भगिनीचे द्यावे. मोठ्या आवाजात मागणाऱ्याचे आधी आणि मुकाट बसणाऱ्याचे नंतर, ही आपल्या घरांतील रीत मला नेहमीच खटकत आली आहे.

आता कराकडे वळतो. खाजगी धनको निदान ओळखीचा असतो. कर हा असा धनको आहे की त्याची आठवण घरात कोणालाच नसते.

प्राप्तिकराच्या १९६१ च्या कायद्यातील १५९ व्या कलमाने मृताच्या थकलेल्या कराची जबाबदारी त्याच्या कायदेशीर प्रतिनिधीवर टाकली, आणि तीही ऐवज पुरेल तेवढीच. २०२५ साली संमत झालेल्या नव्या प्राप्तिकर कायद्यातही हे तत्त्व तसेच पुढे आले आहे. परंतु त्यात एक गाठ आहे, ती नीट समजून घ्यावी. कर देणे बाकी असताना वारसांनी मृताचा ऐवज विकला, गहाण टाकला किंवा वाटून घेतला, तर त्या ऐवजाच्या किमतीपुरते ते स्वतः जबाबदार होतात. दोन भावांनी वडिलांची ठेव मोडली, निम्मी-निम्मी घेतली, एकाने गाडी घेतली, दुसऱ्याने घराला रंग दिला. वर्षाने कराची मागणी आली की ठेवीच्या रकमेपुरते उत्तर त्यांना स्वतःच्या खिशातून द्यावे लागते. म्हणून क्रम असा, की आधी कर आणि देणे, मग वाटणी. मृत्यूच्या तारखेपर्यंतच्या उत्पन्नाचे विवरणपत्र वारसाने भरावयाचे असते. त्यासाठी प्राप्तिकर खात्याच्या संकेतस्थळावर कायदेशीर वारस म्हणून आधी नोंद करावी लागते. मृत्यूच्या तारखेनंतरचे व्याज, भाडे वगैरे वारसांच्या स्वतःच्या उत्पन्नात येते. वडिलांचे पॅन कार्ड आठवण म्हणून जपून ठेवण्यास हरकत नाही. पण त्या क्रमांकावर वर्षानुवर्षे व्यवहार चालू ठेवणे घातक आहे.

दुकानदार बांधवांनी पुढील गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावे. २०१७ च्या वस्तू व सेवा कर कायद्याच्या ९३ व्या कलमात दोन वाटा आहेत. धंद्याचा मालक वारला आणि धंदा बंद झाला, तर त्याचा थकलेला कर, व्याज व दंड त्याच्या ऐवजातून आणि ऐवज पुरेल तेवढाच वसूल होतो. परंतु मुलाने तोच धंदा पुढे चालू ठेविला, तर तो थकलेला कर द्यावयास मुलगा स्वतः बांधला जातो, आणि तेथे ऐवजाची मर्यादा नाही. आपल्याकडे काय होते? सुतक फिटते, मुलगा दुकानाचे फाटक उघडतो, बापाच्या तसबिरीला हार घालतो आणि त्याच पाटीखाली, त्याच नोंदणी क्रमांकावर बिले फाडू लागतो. भावनेच्या दृष्टीने यात गैर काही नाही. कायद्याच्या दृष्टीने मात्र त्या सकाळी त्याने एक मोठा निर्णय घेतलेला असतो, आणि आपण निर्णय घेतला याची त्याला दादही नसते. धंदा चालवावयाचा की मिटवावयाचा हे ठरविण्यापूर्वी हिशेबनिसाला बोलावून कराची बाकी किती आहे ते काढावे. बाकी थोडी असेल तर खुशाल चालवावा, स्वतःच्या नावाने नवी नोंदणी घ्यावी, वडिलांच्या नोंदणीवर शिल्लक असलेली कराची वजावट रीतसर आपल्याकडे वळवून घ्यावी. बाकी डोंगराएवढी असेल तर तसबीर घरी न्यावी आणि फाटक बंद ठेवावे.

घरपट्टीबाबत दोनच शब्द. महाराष्ट्रातील महानगरपालिका थकलेल्या मालमत्ता करावर दरमहा दोन टक्के शास्ती लावतात. म्हणजे वर्षाला चोवीस. कोणताही सभ्य सावकार इतके व्याज मागावयास लाजेल. शिवाय हा कर त्या इमारतीवरच बोजा म्हणून बसतो, त्यामुळे मालक मेला तरी बोजा मरत नाही. भावाभावांच्या भांडणात 'ज्याच्या वाट्याला घर येईल तो भरील' म्हणून कोणीच भरीत नाही आणि दहा वर्षांत शास्ती मूळ पट्टीच्या पुढे निघून जाते. शास्तीत सूट देणाऱ्या अभय योजना वेळोवेळी निघतात. त्या निघतील तेव्हा लाभ घ्यावा, परंतु निघतील या आशेवर थकवू नये.

जिवंतपणी ज्यांचा प्राप्तिकर थकला आहे अशा मंडळींना मी एवढेच सांगेन, की नोटीस कपाटात लपविल्याने ती मुदतबाह्य होत नाही. विवरणपत्र राहून गेले असेल किंवा उत्पन्न कमी दाखविले गेले असेल, तर २०२२ पासून अद्ययावत विवरणपत्र भरण्याची सोय झाली आहे आणि २०२५ साली तिची मुदत चार वर्षांपर्यंत वाढली. पहिल्या वर्षात भरल्यास कर आणि व्याज यांवर पंचवीस टक्के जादा, दुसऱ्यात पन्नास, तिसऱ्यात साठ, चौथ्यात सत्तर. हा चढता आकडाच काय ते सांगतो. मात्र खात्याने झडती सुरू केली की हा दरवाजा बंद होतो. कराची मागणी मान्य आहे पण एकरकमी देणे शक्य नाही, अशा वेळी हप्ते मागण्याचा अर्ज आकारणी अधिकाऱ्याकडे करता येतो. तो वेळेवर आणि खऱ्या जमाखर्चासह केला तर पुष्कळदा मान्य होतो, असा माझा अनुभव आहे. अधिकारी हाही संसारी मनुष्य असतो. त्याला न भेटणारा थकबाकीदार अधिक संशयास्पद वाटतो.

आता सारे एकत्र एका उदाहरणात पाहू. उदाहरण काल्पनिक आहे, परंतु आकडे मी मुद्दाम आपल्या मध्यम दुकानदाराच्या मापाचे घेतले आहेत. तालुक्याच्या गावी कापडाचे दुकान चालविणारे एक गृहस्थ वारले. दुकानातला माल पाच लाखांचा. गावात उधारी तीन लाखांची, तीतली वसूल होण्याजोगी दीड लाखाची. बँकेत ठेव चार लाखांची. एकूण ऐवज साडेदहा लाख. देणे काय? मालावर बँकेकडून उचललेले सात लाख, वस्तू व सेवा कराची बाकी अडीच लाख, आणि निरनिराळ्या लोकांची हातउसनी रक्कम सहा लाख. एकूण साडेपंधरा लाख. राहते घर पत्नीच्या नावाचे, तिच्या वडिलांनी तिला दिलेले. तिच्या अंगावरचे दागिने माहेरचे.

कायद्याप्रमाणे हिशेब असा. धंदा बंद केला तर साडेदहा लाखांतून जे फिटेल ते फिटेल. उरलेले पाच लाख गृहस्थांबरोबर गेले. पत्नीच्या घराला धक्का नाही, दागिन्यांना धक्का नाही, मुलांच्या पगाराला धक्का नाही. आता घरात प्रत्यक्ष काय घडते ते पाहा. थोरल्या मुलाने दुकान चालू ठेविले. कराचे अडीच लाख त्याच्या डोक्यावर आले. बँकेच्या कर्जाला तो वडिलांच्या हयातीतच जामीन राहिला होता. जामीनदाराची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच असते आणि तिला ऐवजाची मर्यादा लागू नाही. तेव्हा माल विकून जे तुटेल ते त्याच्याकडून वसूल होणार. हातउसने देणाऱ्यांना धाकट्याने नवे कागद लिहून दिले. आणि आईने, 'ह्यांच्या नावाला बट्टा नको' म्हणून, पाटल्या सराफाकडे नेल्या. जे पाच लाख कायद्याने बुडावयाचे होते, ते एका स्त्रीच्या स्त्रीधनातून आणि दोन तरुण मुलांच्या पुढल्या दहा वर्षांतून निघाले. नाव राहिले काय? गावाला ते आठवतही नाही.

स्त्रीधनाविषयी मी येथे जरा थांबतो, कारण या सभेस भगिनी मोठ्या संख्येने उपस्थित आहेत. हिंदू स्त्रीच्या ताब्यातील संपत्तीची ती पूर्ण मालकीण आहे, असे १९५६ च्या उत्तराधिकार कायद्याच्या १४ व्या कलमाने ठरले. पतीच्या देण्यासाठी तिची संपत्ती जबाबदार नाही, जोवर तिने स्वतः सही करून ती जबाबदारी घेतली नसेल तोवर. म्हणून कोणत्याही कर्जाच्या कागदावर, 'येथे फक्त साक्षीची सही' म्हणून पुढे केलेल्या कागदावरसुद्धा, वाचल्याशिवाय सही करू नये. सहऋणको आणि साक्षीदार यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पतीने रागावून 'माझ्यावर विश्वास नाही काय?' असे विचारले तर सांगावे, की विश्वास आहे म्हणूनच वाचते. दिवाणी हुकूमनाम्याच्या जप्तीतही काही वस्तू वगळलेल्या आहेत हे ठाऊक असावे: नेसते कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरुणे, धार्मिक रूढीप्रमाणे स्त्रीच्या अंगावरून न उतरणारे मंगळसूत्रासारखे दागिने, कारागिराची हत्यारे.

विम्याबाबत एक जुना आणि अतिशय उपयुक्त कायदा फार थोड्यांना माहीत आहे. तो १८७४ चा विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा. विवाहित पुरुषाने स्वतःच्या आयुष्याचा विमा उतरविताना, पत्नीच्या वा मुलांच्या लाभासाठी असे त्या कायद्याखाली पॉलिसीतच नमूद केले, तर ती रक्कम त्यांच्यासाठी विश्वस्त निधी होते. पतीच्या धनकोंना तिला हात लावता येत नाही. अट एवढीच, की हे विमा घेतानाच करावे लागते, आणि धनकोंना बुडविण्याचा हेतू सिद्ध झाला तर भरलेल्या हप्त्यांपुरता त्यांचा हक्क उरतो. धंदेवाईक माणसाने विवाहानंतर पहिला विमा घेताना हा अर्ज मागून घ्यावा. एजंट आपण होऊन देईलच असे नाही.

याउलट, 'घर बायकोच्या नावावर करून टाका' हा पानाच्या ठेल्यावर मिळणारा सल्ला फुकट असतो आणि महाग पडतो. देणेकऱ्यांना चुकविण्यासाठी केलेले हस्तांतर मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या ५३ व्या कलमाखाली रद्द करून घेता येते. कराची कारवाई चालू असताना केलेले हस्तांतर खात्यापुढे टिकत नाही. भरभराटीत, देणे नसताना, रीतसर दिलेले दान वेगळे, आणि जप्तीच्या आदल्या आठवड्यात केलेले बक्षीसपत्र वेगळे. न्यायाधीशांना तारखा वाचता येतात.

सावकारी व्याजाने गांजलेल्यांसाठी दामदुपटाचा आपला जुना नियम आजही उपयोगी आहे. मुद्दलाहून अधिक व्याज नाही, हे स्मृतिकारांचे तत्त्व मुंबईच्या न्यायालयांनी जपले आणि महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी नियमन कायद्यानेही ते सावकारांना लागू ठेविले. बिनपरवाना सावकाराने कर्जापोटी जमीन लिहून घेतली असेल तर ती परत मिळविण्यासाठी जिल्हा निबंधकाकडे अर्ज करता येतो. बँकांना हा नियम लागू नाही, हे ध्यानात ठेवावे. आणि तरुण मंडळींनो, मोबाईलवर पाच मिनिटांत कर्ज देणारी जी ॲप निघाली आहेत, त्यांच्यापुढे आपला जुना सावकार साधू ठरावा. कोठल्या बँकेच्या वतीने ते कर्ज देतात हे लेखी पाहिल्याशिवाय त्यांच्या नादी लागू नये. वसुली करणाऱ्यांनी सकाळी आठच्या आधी व सायंकाळी सातनंतर ऋणकोला फोन करू नये, असे रिझर्व्ह बँकेने २०२२ साली बजावले आहे.

आता मृत्युपत्र. आपल्या ज्ञातीत हा कागद लिहिणारे विरळा. श्रीमंतांचा विषय म्हणून आपण तो सोडून देतो. पूर्वी १९५३ पासून मृताच्या संपत्तीवर मृत्युकर होता, तो १९८५ साली गेला; त्या करामुळे सधन मंडळी निदान वकिलाकडे जात. आज तोही धाक नाही.

मृत्युपत्र नसेल तर काय होते? हिंदू पुरुषाची स्वकष्टार्जित संपत्ती प्रथम वर्गाच्या वारसांत जाते. आई, पत्नी, मुलगा आणि मुलगी एवढे मागे असतील तर चौघांना समान चार वाटे. पुष्कळांना वाटते की सर्व पत्नीस मिळते. तसे नाही. आईचा चौथा वाटा हा आईचा स्वतःचा होतो आणि पुढे तिच्या मृत्युपत्राअभावी तो तिच्या सर्व मुलांकडे, म्हणजे मृताच्या भावाबहिणींकडेही जातो. ज्या घरात विधवा राहते त्या घराचा काही अंश दिरांच्या नावे कसा लागला, हे कोडे घेऊन माझ्याकडे कितीतरी भगिनी आल्या. कोडे काहीच नव्हते. गृहस्थांनी साध्या कागदावर चार ओळी लिहिल्या असत्या तर ते पडले नसते.

आणि साधा कागद चालतो, हे मी जोर देऊन सांगतो. स्टॅम्प लागत नाही. नोंदणी ऐच्छिक आहे, केल्यास बरी. दोन साक्षीदार लागतात. मृत्युपत्र करणाऱ्याने त्यांच्यासमोर सही करावी अथवा केलेली सही आपली असल्याचे त्यांना सांगावे, आणि त्यांनी त्याच्यादेखत आपापल्या सह्या कराव्यात. साक्षीदार वयाने लहान असावेत, म्हणजे पुढे कोर्टात सांगावयास ते हयात असतील; आणि ज्याला काही मिळावयाचे आहे अशास साक्षीस घेऊ नये. वृद्ध वा आजारी असाल तर त्याच दिवशीचा डॉक्टरांचा दाखला जोडावा. स्वकष्टार्जित संपत्ती आणि एकत्र कुटुंबातील आपला हिस्सा एवढ्याचीच विल्हेवाट लावता येते. भावाचा हिस्सा मृत्युपत्राने देणारे महाभाग मी पाहिले आहेत. देण्यांची यादी त्यातच लिहावी आणि ती कोणत्या ऐवजातून फेडावी हेही लिहावे, कारण कायद्यानेही देणी आधी आणि मृत्युपत्रातील दाने नंतर.

नामनिर्देशन केले आहे म्हणून मृत्युपत्राची गरज नाही, हा आणखी एक भ्रम. नामनिर्देशित व्यक्ती ही बहुतेक ठिकाणी रक्कम स्वीकारणारी असते, मालक नव्हे. शेअरांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केले. सहकारी गृहनिर्माण संस्थेत नामनिर्देशित व्यक्तीला तात्पुरते सभासदत्व मिळते. सदनिका वारसांचीच राहते. विम्याला २०१५ पासून वेगळा नियम आहे: आईवडील, पती-पत्नी वा मुले यांचे नामनिर्देशन असेल तर रक्कम त्यांच्याच मालकीची होते. बँकेच्या ठेवीला नोव्हेंबर २०२५ पासून चार नावे देता येतात. नावे द्यावीतच, त्याने पैसे लवकर हाती येतात. पण मालकीचा प्रश्न मृत्युपत्रानेच सोडवावा.

मुलींच्या हिश्शाबद्दल बोललो नाही तर हे व्याख्यान अपुरे राहील, आणि काहींना ते अपुरे राहावे असेच वाटत असेल. महाराष्ट्राने १९९४ साली आणि संसदेने २००५ साली मुलीला जन्माने सहदायाद केले. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये, २००५ साली वडील हयात नसले तरी तिचा हक्क जात नाही, असा निर्णय दिला. तरीही भाऊबीजेच्या ओवाळणीबरोबर हक्कसोडपत्राचा कागद पुढे येतो. बहिणीने स्वखुशीने हक्क सोडला तर तो तिचा अधिकार आहे. मात्र तो नोंदणीकृत दस्तानेच सोडता येतो, आणि सोडण्यापूर्वी तिला संपत्तीची व देण्याची पूर्ण यादी दाखविणे हे भावाचे कर्तव्य आहे, असे माझे मत आहे. ज्या भावांना यादी दाखवावयाची नसते त्यांच्या हक्कसोडपत्रांवर पुढे दावे होतात. ते मी दोन्ही बाजूंनी चालविले आहेत.

शेवटी त्या यादीचेच सांगतो. एक शंभर पानी वही घ्यावी. तीत बँकेची खाती, ठेवी, विमा, भविष्यनिर्वाह निधी, शेअर, सातबारा व फेरफार, घरपट्टीची शेवटची पावती, प्राप्तिकराची शेवटची तीन विवरणपत्रे कोठे आहेत ते, कोणाला किती दिले, कोणाकडून किती घेतले, कोणत्या कर्जाला आपण जामीन आहोत, हे सर्व तारखांसह लिहावे. जामीनकीचे पान विसरू नये. मित्राखातर केलेली ती सही घरात कोणालाच माहीत नसते. वही कोठे आहे ते पत्नीस आणि एका वडील अपत्यास, मग ते मुलगी असो वा मुलगा, सांगून ठेवावे. ज्यांच्या वडिलांची जुनी ठेव सापडत नसेल त्यांनी रिझर्व्ह बँकेने २०२३ साली सुरू केलेल्या 'उद्गम' संकेतस्थळावर नाव शोधावे. दहा वर्षे हात न लागलेल्या ठेवी तेथे दिसतात.

चिटणीसांनी माझ्या विनंतीवरून अशा वहीचा छापील नमुना प्रवेशद्वारापाशी ठेविला आहे, तो जाताना घेऊन जावा. वेळ झाला आहे हे अध्यक्षमहाराजांच्या घड्याळाकडे पाहून कळते. कित्येकांनी चिठ्ठ्या पाठविल्या आहेत. त्यांतील खाजगी प्रश्नांची उत्तरे चहापानाच्या वेळी बाजूला बसून देईन, आणि ज्यांनी चिठ्ठीवर नाव लिहिलेले नाही त्यांनी संकोच न करता यावे.